रात्रीचा उपसा

पहाटे साडेपाच

जाग आली ती ट्रॅक्टरच्या आवाजानं. गाळप सुरू झालं की उसाचे जोड-ट्रेलर करकंबमधून रात्रंदिवस जात राहतात, आणि आमचं घर रस्त्याला लागूनच आहे. आंघोळीआधीच कॉम्प्युटर चालू केला. काल रात्री धाकट्या भावाचा यूट्यूबवरचा खेळाचा लाइव्ह सात वेळा अडकला होता. चॅटमध्ये पोरं लिहीत होती, ‘दादा, चित्र थांबलं’, ‘दादा, नुसते चौकोन दिसतायत’. दहाला त्यानं हेडफोन काढून ठेवला आणि न जेवता झोपला. मला ते लागून राहिलं होतं.

लाइव्ह ज्यातून पाठवतो ते ओबीएस हे सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी एक लॉग लिहून ठेवतं. लोक ती फाइल उघडतच नाहीत. मी आधी तीच उघडतो. दोन तास, सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे एकूण 4,32,000 फ्रेम. रेंडरिंगमध्ये चुकलेल्या शून्य. एन्कोडिंगमध्ये राहून गेलेल्या बोटावर मोजण्याइतक्या. आणि नेटवर्कनं घेतल्या नाहीत म्हणून टाकून द्याव्या लागलेल्या 12,960. म्हणजे चित्र नीट तयार होत होतं, नीट आवळलं जात होतं आणि घराबाहेर पडताना सांडत होतं.

‘बिटरेटचा प्रॉब्लेम आहे’ असं सगळेच म्हणतात, पण त्या एका शब्दाखाली हे तीन वेगळे आजार असतात. तिघांवर एकच गोळी चालत नाही.

12,960 म्हणजे अवघे तीन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते तीन टक्के दोन तासांवर सारखे पसरलेले नव्हते. यूट्यूब स्टुडिओतला आलेख पाहिला तर रेघ सरळ चाललेली आणि मध्येच सात खड्डे. 8:14, 8:41, 8:47, पुढं असेच. प्रत्येक खड्डा अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा. एवढ्या वेळात खेळणारा मरतो आणि बघणारा निघून जातो. वेळा वहीत उतरवून घेतल्या.

सात

चहा घेताना आमच्या नानांनी विचारलं, ‘‘फोनवर खेळ तर नीट चालला होता की त्याचा. मग अडकलं काय?’’

प्रश्न अगदी बरोबर होता. खेळ फोनच्या सिमवर चालतो आणि त्याला फार काही पाठवावं लागत नाही. मी कुठं उभा आहे, बंदूक कुठं रोखली, गोळी सुटली का, एवढाच मजकूर ये-जा करतो. त्याला नेट थोडं लागतं, फक्त चटकन लागतं. लाइव्हचं तसं नाही. तिथं अख्खं चित्र पाठवायचं असतं. 720 पीचं एक चित्र म्हणजे 1280 गुणिले 720, एकूण 9,21,600 ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग 24 बिटांत लिहायचा आणि असं सेकंदाला 60 वेळा करायचं. सेकंदाला 132 कोटींहून जास्त बिट होतात. आम्ही पाठवतो सेकंदाला 45 लाख, म्हणजे 4500 केबीपीएस. जवळपास तीनशेवा भाग. बिटरेट म्हणतात तो हाच आकडा.

हे आवळण्याचं काम एन्कोडर करतो. एच-264 ही 2003 सालची पद्धत आजही लाइव्हमध्ये सगळ्यात जास्त चालते. ती चित्राचे 16 बाय 16 ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि मागच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच पुढं पाठवते. बातम्या देणारी बाई एका जागी बसून बोलते, तिच्या मागची भिंत हलत नाही, त्यामुळं तिथं थोड्या बिटांत भागतं. धाकटा खेळतो त्या बीजीएमआयमध्ये एरँगल या नकाशातल्या मैदानातून गाडी पळते तेव्हा गवताचं पान न् पान हलत असतं. स्मोक, म्हणजे धुराचा गोळा, फुटला की मग प्रत्येक ठिपका बदलतो. बिटं पुरत नाहीत, मग एन्कोडर चौकोनच्या चौकोन एका रंगात रंगवून मोकळा होतो. पोरं म्हणतात ‘चित्र फाटलं’, ते हेच. खेळाला सिनेमापेक्षा किंवा कीर्तनापेक्षा जास्त बिटरेट लागतो तो एवढ्यासाठी.

नाना म्हणाले, ‘‘म्हंजे पाटाचं पाणी आपसूक येतंय. वर चढवायचं म्हटलं की उपसा करावा लागतोय.’’

इतक्या सोप्या शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं. डाउनलोड म्हणजे उजनीचा पाट आणि अपलोड म्हणजे उपसा. मोटर केवढीही मोठी बसवा, पाइप तीन इंची असेल तर वर तीन इंचीचंच पाणी पडणार. आणि पाइप मध्ये कुठं फुटला असेल, तर मोटर वाढवून फक्त चिखल वाढतो.

नऊ

दुकान उघडलं. मोबाइल दुरुस्ती, रिचार्ज, झेरॉक्स. दोन डिस्प्ले बदलायचे होते, ते केले.

दहाच्या सुमाराला भोशाचा एक पोरगा पाठीला सॅक लावून आला. आत लॅपटॉप.

‘‘दादा, बिटरेट 6000 वरनं 1500 केला. तरी अडकतंयच की. उलटं घाण दिसाय लागलं.’’

‘‘ओबीएस उघड. खाली काय दिसतंय?’’

सीपीयू 97 टक्के. मध्येच पट्टी येत होती की एन्कोडिंगवर ताण जास्त झालाय. त्याचं नेट ठणठणीत होतं. बिचाऱ्यानं आठ दिवस नेटवाल्याशी भांडण केलं होतं. लॅपटॉप जुना, आय-थ्रीचा. त्यावर तो 1080 पी, 60 फ्रेम, एक्स-264 असं सगळं चढवून बसला होता. एक्स-264 चित्र चांगलं देतो, पण सगळं काम प्रोसेसरकडून करून घेतो. मी एन्कोडर बदलून क्विकसिंक केला. इंटेलच्या त्या चिपमध्ये व्हिडिओ आवळायला वेगळा भाग आहे, तो आजवर रिकामा बसला होता. चित्र 720 पी, 30 फ्रेम. बिटरेट परत वर, 4000. पद्धत सीबीआर, म्हणजे धार सारखी. कीफ्रेम दर दोन सेकंदांनी, कारण यूट्यूबला तसाच लागतो. आवाज 128.

सीपीयू 31 वर आला. पोरगं नुसतं बघतच राहिलं.

बिटरेट कमी केल्यानं प्रोसेसरचं ओझं फारसं उतरत नाही, ते उतरतं ठिपके आणि फ्रेम कमी केल्यानं. ही एक गोष्ट कळली असती तर त्याचे आठ दिवस वाचले असते. आजार एक आणि औषध भलतंच, असं चाललं होतं.

साडेअकरा

गिऱ्हाईक कमी झाल्यावर घरी आलो. पाइपलाइन फुटली की माणूस मोटरपासून चालायला लागतो. मीही तसंच करतो.

कॉम्प्युटर ते राउटर वायर जोडलेली आहे. लाइव्हसाठी वायफाय मी वापरू देत नाही. भिंत आली, शेजारचं वायफाय आलं, मायक्रोवेव्ह चालू झाला की त्याची धार तुटते. कॉम्प्युटरवर दोन खिडक्या उघडल्या. एकीत राउटरला सतत पिंग, दुसरीत बाहेरच्या 8.8.8.8 ला, दोन्हींत वेळेची नोंद. राउटरकडून एक मिलिसेकंदात उत्तर येत होतं, एकदाही चुकत नव्हतं. म्हणजे घरातलं सगळं चोख. बाहेरचंही नीट येत होतं. स्पीड टेस्ट लावली, अपलोड 38 एमबीपीएस.

इथंच माणूस फसतो. स्पीड टेस्ट काही सेकंदांची असते आणि त्या सेकंदांत लाइन चांगली असली तर ती चांगलंच सांगणार. लाइव्हला दोन तास न तुटणारी धार लागते. 38 चा आकडा बघून पोरं बिटरेट 12,000 करून ठेवतात, कारण यूट्यूबनं 1080 पी 60 साठी एच-264 ला तेवढा सुचवलाय. मग रात्री सगळं गाव घरी येतं, फोन हातात घेतं, आणि 38 चे नऊ होतात.

ओबीएसमध्ये 2019 पासून एक सोय आहे: लाइन आकसली की बिटरेट आपोआप खाली आणायचा. चांगली आहे. पण मी ती आजार सापडल्यावर लावतो, आधी नाही. आधीच लावली की चित्र फाटत नाही, फक्त मळकट होत जातं आणि बिघाड कुठं आहे ते महिनोन्महिने कळत नाही.

खिडक्या तशाच चालू ठेवल्या.

दीड

धाकटा पंढरपूरहून कॉलेज करून आला. माझ्याशी फार बोलला नाही. जेवताना आईनं विचारलं, ‘‘एवढं जिवाला लावून घ्यायसारखं काय हाय त्यात?’’ तिला पैसे लावून खेळायच्या खेळांची भीती वाटते, आणि ती खोटी नाही. आमच्या भागातही त्यानं घरं बसलीत. तिला परत सांगितलं की पैसे लावायचे ते ऑनलाइन खेळ ऑगस्ट 2025 मधल्या कायद्यानं बंद केले आणि ई-स्पोर्ट्स त्याच कायद्यानं वेगळे मानले. धाकट्याचा खेळ पैसे लावायचा नव्हे.

त्याला एवढं का लागतं ते मला ठाऊक आहे. पबजी मोबाइल 2 सप्टेंबर 2020 ला बंद झाला तेव्हा हा शाळेत होता. जुलै 2021 मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय आला, 2022 च्या जुलैत स्टोअरवरून गेला, 2023 च्या मेअखेर परत आला. प्रत्येक वेळी जमवलेली माणसं पांगायची आणि हा पुन्हा शून्यापासून बसायचा. आता रात्री शंभरच्या आसपास लोक येतात. त्यात सोलापूर, बार्शी, माढ्याची पोरं आहेत, पुण्यात कंपनीत रात्रपाळी करणारे दोघं आहेत. तो मराठीत बोलतो, आपल्या बोलीत बोलतो, म्हणून ते येतात. आजवर आमच्या घरात सगळं बाहेरून आलेलंच बघितलं गेलं. या खोलीतून काही बाहेर जातंय ते पहिल्यांदाच.

जेवण झाल्यावर खिडक्या पाहिल्या. बाहेरच्या पिंगमध्ये दोन ठिकाणी खाडा. 12:22 ला आणि 1:09 ला, वीस-तीस सेकंदांचा. राउटरची खिडकी मात्र अखंड.

म्हणजे दुखणं फक्त रात्रीचं नव्हतं. गर्दीचंही नव्हतं. गर्दीनं आलेख हळूहळू खाली बसतो आणि मध्यरात्रीनंतर हळूहळू वर येतो. हे कुणीतरी नळ बंद करून परत सोडल्यासारखं होतं.

तीन

दारात उभा होतो. टेंभुर्णीच्या अंगानं एक ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रेलर, ऊस अगदी शिगोशीग. पहिला ट्रेलर गेला. दुसऱ्यावरच्या उसाचे शेंडे वर निघालेले होते. रस्त्यावरून आडवी आलेली काळी केबल त्या शेंड्यांना लागली, धनुष्यासारखी ताणली, आणि ट्रेलर निघून गेल्यावर झोका घेऊन थांबली.

आत धावलो. पिंगमध्ये ओळी थांबलेल्या.

धाकट्याला राउटरसमोर बसवलं आणि फोन चालू ठेवून मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो. पंधरा मिनिटं नुसतं उन्हात. एक एसटी गेली, काही झालं नाही. दोन टेम्पो गेले, काही नाही. मग लांबून उसाचा ट्रॅक्टर दिसला.

‘‘आला बघ. बघत राहा.’’

‘‘बघतोय.’’

शेंडे केबलला लागले.

‘‘लाल! दादा, लाल दिवा लागला!’’ फोनवर त्याचा आवाज कापत होता. ‘‘गेला. हिरवा लुकलुकतोय. अजून लुकलुकतोय... आलं.’’

केबल ताणली गेली ती दोन-तीन सेकंद. पण प्रकाश एकदा तुटला की राउटरला पलीकडच्या यंत्राशी पुन्हा ओळख करून घ्यावी लागते आणि त्यात बाकीचं अर्धं मिनिट जातं. काल रात्रीचे सात खड्डे म्हणजे उंच भरलेले सात ट्रेलर. वहीतल्या वेळा मी धाकट्याला दाखवल्या. दिवसभरात पहिल्यांदा तो हसला.

साडेपाच

फोन केल्यावर फायबरचा माणूस आला. वयानं माझ्याएवढाच, शिडी आणि पेटी घेऊन. त्याला ‘नेट स्लो आहे’ असं सांगितलं असतं तर राउटर बंद-चालू करून गेला असता, आणि त्याचा तरी काय दोष, दिवसातून वीस जण त्याला तेच सांगतात. मी वेळा लिहिलेला कागदच हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला आणि पेटीतून पॉवर मीटर काढला.

उणे 25.8. ढोबळ हिशोब असा की उणे 27 च्या खाली प्रकाश गेला की घरातल्या राउटरला तो वाचता येत नाही. आम्ही अगदी काठावर उभे होतो. त्यानं खांबावर चढून केबल हातानं जरा ओढली, आणि मीटरवर आकडा उणे तीसच्याही खाली गेला. क्लॅम्पपाशी केबल चेपून मुरगळली होती.

पुढचं काम बघत राहावं असं होतं. त्यानं चेपलेला तुकडा कापून टाकला, वरचं काळं आवरण सोललं, आतला रंगीत लेप खरवडला. खाली उरली ती केसाएवढी काच. तिच्याही पोटातला प्रकाश जाण्याचा मार्ग नऊ मायक्रॉनचा. स्पिरिटनं पुसून, टोक सरळ कापून दोन्ही टोकं त्यानं मशिनीत ठेवली. छोट्या पडद्यावर ती ओंडक्यांसारखी मोठी दिसत होती, एकमेकांकडे सरकत होती, थबकत होती, पुन्हा सरकत होती. मग एक ठिणगी. दोन ओंडके एक झाले. जोडात वाया गेलेला प्रकाश 0.02 डीबी. त्यावर नळी चढवून गरम केली.

मग त्याला मी आणि नाना दोघांनी सांगितलं की केबल खाली राहू देऊ नका. त्यानं पलीकडच्या खांबावर चढून ती हात-दीड हात वर घेतली आणि आवळून बांधली. पुन्हा मीटर लावला. उणे 20.9.

आईनं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाजार आमटी केली होती. करकंबची ती ओळखच आहे, चार डाळी आणि सढळ हातानं मसाला. भाकरी कुस्करून त्यानं तीन वेळा आमटी वाढून घेतली.

साडेसात

लाइन नीट झाली म्हणून बिटरेट वाढवला नाही. धाकटा म्हणत होता, ‘‘आता 9000 लावू की.’’ मी नाही म्हटलं. बिटरेट लाइनच्या सर्वांत वाईट तासाला बघून ठरवायचा. आमचा वाईट तास रात्री नऊचा, आणि तेव्हा मी मोजलेला सगळ्यात कमी अपलोड आठच्या आसपास आहे. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त लाइव्हला, बाकी मोकळा. म्हणून 4500. उपसा पूर्ण क्षमतेनं चालवला की पहिल्या झटक्यालाच पाइप निसटतो.

यूट्यूब आपल्याकडून एकच धार घेतं आणि बघणाऱ्यासाठी तिचे लहान-मोठे पाट स्वतः काढून देतं. त्यामुळं वाडीवरचा पोरगा 144 पीवर बघू शकतो. मात्र वर चढताना जे सांडलं, ते कुठल्याच पाटाला मिळत नाही.

मग घरातला बंदोबस्त. काकू मालिका बघतात, ती खाली येणारी गोष्ट, तिचा त्रास नाही. त्रास असतो तो चार्जिंगला लावलेल्या फोनचा. तो गुपचूप दिवसभराचे फोटो वर चढवत बसतो. चुलतभावाकडं लग्नाचे व्हिडिओ होते, त्यानं बॅकअप सकाळवर ढकलला. गोठ्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रही बाहेर जातं, त्याची गुणवत्ता दोन तासांसाठी कमी केली. राउटर आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर. फोनचं चित्र कॉम्प्युटरात आणणाऱ्या कॅप्चर कार्डची वायर यूएसबीच्या निळ्या, वेगवान खाचेतच आहे ना, ते पाहिलं. ती साध्या खाचेत गेली की चित्र अडखळतं आणि लोक शिव्या नेटला देतात.

फोनचं सिम हाताशी ठेवतो, पण लाइव्ह त्यावरून करत नाही. टॉवर सगळ्यांचा असतो. आषाढीला निवृत्तीनाथांची पालखी करकंबवरून जाते तेव्हा तर साधा फोन लागायची मारामार, आणि ते समजण्यासारखंच आहे.

आठ ते दहा

मी शेजारच्या खुर्चीत, नजर ओबीएसच्या खालच्या पट्टीवर. 8:20 ला बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. धाकट्यानं खेळता खेळता माझ्याकडं पाहिलं. आवाज दारावरून गेला, लांब गेला. ड्रॉप्ड फ्रेम्स: 0. तो परत खेळात गेला.

नऊला लाइट गेली. इन्व्हर्टरनं धरलं. चॅटमध्ये कुणाला कळलंही नाही.

साडेनऊला शेवटच्या सर्कलमध्ये चार-पाच स्मोक एकदम फुटले. मी दुसऱ्या फोनवर, प्रेक्षक म्हणून बघत होतो. धूर करडा होऊन पसरला, जरा मऊ झाला, पण चौकोन पडले नाहीत. धुराच्या कडेनं सरकणारा माणूस मला दिसला. धाकट्यालाही दिसला होता. चॅट इतकं वेगानं वर गेलं की वाचता आलं नाही.

सव्वादहा

जेवायला बसण्याआधी लॉग उघडला. 4,32,000 फ्रेममधल्या 37 सांडल्या. टक्केवारीच्या जागी 0.0. वहीत लिहिलं आणि खाली मीटरचा आकडा टाकला, म्हणजे पुढच्या हंगामात तुलना करता येईल. धाकट्यानं आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

गावागावांत ज्यांच्याकडं फायबर आलंय त्यांना माझी विनंती आहे. कनेक्शन घेताना डाउनलोडच्या आकड्यावर समाधान मानू नका, रात्री नऊचा अपलोड किती मिळेल ते विचारा. आणि तुमच्या दारात रस्त्यावरून आडवी गेलेली केबल असेल, तर ती उसानं भरलेल्या ट्रेलरपेक्षा उंच आहे का, ते गाळप सुरू व्हायच्या आधी एकदा रस्त्यावर उभं राहून बघून घ्या.